दोनदा मिठात पडलेले गड्डे

अहो,

मी बाजारात मुळे आणायला गेलेय. आई झोपल्यात, शेजारच्या काकू त्यांच्यापाशी बसल्यात.

किमची मुरवायला आणलेल्या कोबीच्या चाळीसही गड्ड्यांना आईंनी सकाळी पुन्हा मीठ चोळलं. काल आम्ही दोघींनी मिळून चोळलंच होतं. पाच पाण्यांनी धुतले, तरी जीभ सोलून निघतेय. आता मधेमधे मुळ्याचे जाड तुकडे घालायचे, तेच काय मीठ ओढून घेतील ते. बिनतिखटाची पांढरी किमची यंदा होणार नाही, तिच्यात खारटपणा लपत नाही. तुमच्या बहिणींना शनिवारी डबे न्यायला बोलवू नका. आणि आईंसमोर तोंड वाकडं न करता खा.

"वय झालंय, विसरते ती," हे मात्र आता मला ऐकवू नका. माझ्या हाताला चव नाही, हे त्यांनी बावीस वर्षं गल्लीभर सांगितलं. आज चाखण्यापुरता एक गड्डा भरत होते, तर जवळ बसल्या. माझा हात धरून, प्रत्येक पानाखाली मसाला कसा लावायचा ते मायेनं शिकवलं. मग म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. कुणाची गं तू? आमच्या सुनेला काही म्हणजे काही जमत नाही."

उन्जू