माळ्यावरची वकील

शनिवार, २ ऑगस्ट

वेटिंग — एकशे बारा! हॉस्टेलच्या मॅडम म्हणाल्या, "धीर धर, नंबर लागेल." गेल्या वर्षी कितीपर्यंत आला होता? "चाळीस." म्हणजे मी एलएलबी होणार, केस पिकवणार, जज होऊन रिटायर होणार आणि मग मला मुलींच्या हॉस्टेलात बेड मिळणार.

तोवर मुलुंड. बळवंतकाका, म्हणजे पप्पांचे मामेभाऊ. वन रूम किचन, त्यांची चार माणसं, वर मी. माझी गादी फ्रिज आणि ओट्याच्या मध्ये. कोणाला तहान लागली की तो माझ्यावरून ढांग टाकून जातो. काका देवमाणूस. काकूही चांगली आहे. पण पंधरा तारखेला तिची आई येतेय, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. "तू असलीस तरी चालेल गं," असं काकू रोज म्हणते. रोज म्हणावं लागतंय म्हणजे चालणार नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

पप्पांचा फोन. "पंधरा तारखेपर्यंत रूम झाली तर झाली. नाहीतर गप परत ये. नांदेडला कॉलेजं नाहीत का?" मागून आई — "अहो, पोरीनं एवढे मार्क पाडलेत..." "तू मधी बोलू नको! काय कळतंय तुला?" फोन कट.

देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी मी वसमतला घरी जमा. झकास!

नांदेड-बिंदेड काही होणार नाही, मला माहीत आहे. परभणीचा एक इंजिनिअर माझा फोटो घेऊन बसलाय म्हणे. पप्पांना तो पसंत आहे. त्यांनीच करावं मग त्याच्याशी लग्न.

बुधवार, ६ ऑगस्ट

वर्गात गंधाली भेटली. चिपळूणची. तिचं वेटिंग एकशे नऊ. तीन नंबर पुढे असल्याचा केवढा तो माज! पण पोरगी मस्त आहे. मिळून रूम शोधायची ठरवलं.

ब्रोकर विकी. केसांना जेल, दोन फोन, दोन्ही सतत वाजतात. त्याने अंधेरीत "वेल व्हेंटिलेटेड रूम" दाखवली. ती बाल्कनी होती. पत्रे मारलेली. मग एक पीजी. आठ मुली, एक बाथरूम. नऊनंतर गेट बंद, पाहुणे बंद, अंडं बंद, फोनवर मोठ्याने बोलणं बंद.

गंधालीने विचारलं, "श्वास?"

विकी म्हणाला, "त्याचे वेगळे पैसे." हसून पोट दुखलं.

शनिवार, ९ ऑगस्ट

आज गोरेगावला रूम सापडली. आणि गेली. एका चहात.

दोन बेड, दोन कपाटं, खिडकीबाहेर गुलमोहर. घरमालकीण गोड. चहा, वर खारी. "मुली किती छान आहेत! मला घरच्यासारख्याच मुली हव्या होत्या." मग नावं. गंधाली केतकर. वा वा. "आणि तुझं पूर्ण नाव, बाळा?"

"कल्पिता खिल्लारे."

"खिल्लारे म्हणजे... कुठले?"

"वसमतचे."

"तसं नाही. म्हणजे — कोणत्यातले?"

"एलएलबी फर्स्ट इयरमधले."

विकीला खारीचा ठसका लागला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कपाकडे. "खरं सांगू का, आम्हाला एकच मुलगी हवी होती."

दोन बेड होते! दोन कपाटं होती!

जिन्यात गंधाली माझा हात धरून म्हणाली, "काय बाई आहे यार! आपण नाही घ्यायची ही रूम." विकी मागून उतरत होता. दोन्ही फोन वाजत होते, त्याने उचलले नाहीत.

मला उत्तर सुचलं याचा मेट्रोत बसतानाही आनंद होता. घाटकोपर आलं तेव्हा संपला. स्टेशनच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर रांग होती, पोटभर रडतासुद्धा येत नाही या शहरात.

सोमवार, ११ ऑगस्ट

गंधालीने रूम घेतली.

मेसेज — "सॉरी यार. बाबांनी परस्पर डिपॉझिट भरलं. तू समजून घेशील ना?"

समजलं. फार छान समजलं. ब्लॉक.

मंगळवार, १२ ऑगस्ट

अनब्लॉक केलं. कॉन्ट्रॅक्टच्या नोट्स तिच्याकडे आहेत.

कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसली. डोळे सुजलेले. "मी बाबांना सांगायला हवं होतं, ना?" मी म्हटलं, "हो." तिला टिश्यू दिला. माफी नाही दिली. टिश्यू कॅन्टीनचाच होता.

बुधवार, १३ ऑगस्ट

विकीचा फोन. आवाज पडलेला. "मॅडम, वर्सोव्याला एक माळा आहे. कोळीवाड्यात. माझी आत्याच आहे, जयंतीआत्या. नवरा नाही, पोरगा दुबईला. पण सांगून ठेवतो, मासळीचा वास येतो."

"इतके दिवस का नाही दाखवलास?"

"घरच्यांकडून ब्रोकरेज कुठे मिळतं?"

गुरुवार, १४ ऑगस्ट

जयंतीमावशी मासळी बाजारातून नुकत्याच आल्या होत्या. नवरा नाही तरी कपाळावर कुंकू, गळ्यात सोनं, आवाज असा की समुद्रातली होडी वळून परत येईल. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मावरं खातंस ना गो?"

"मासे? खाते."

"शिकतंस काय?"

"वकिली."

"मंग यं. वर चढ."

संपला इंटरव्ह्यू! नाव विचारलंच नाही. मीच सांगितलं, पूर्ण, आडनावावर जोर देऊन. भांडायच्या तयारीतच होते मी. त्या म्हणाल्या, "एवरं लांब कोन बोलंल? मी वकीलच म्हननार."

माळा म्हणजे लोखंडी शिडी, एक खिडकी, एक पंखा. ताठ उभं राहिलं तर पंखा डोकं उडवेल. मी मधोमध बसले आणि बसूनच राहिले. फ्रिज नाही, ओटा नाही, माझ्यावरून जाणारं कोणी नाही.

उतरताना मावशींनी सांगितलं, "भय्या लोकांना मी देत नाय हां." म्हणजे दारावर नकार इथेही आहेच, फक्त तो माझ्यासाठी नाही. मी काही बोलले नाही. रूम हवी होती. गंधालीही अशीच गप्प बसली असेल. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

स्वतंत्र झाले! बळवंतकाका बॅग पोचवायला आले. शिडी बघून घाबरले. मावशींनी त्यांना बोंबील तळून वाढले तेव्हा घाबरायचे थांबले. जाताना म्हणाले, "काकूला सांगू नको मी किती खाल्ले ते."

रविवार, १७ ऑगस्ट

पप्पांनी फोनवर "बरं" एवढंच म्हटलं. परभणीचा इंजिनिअर बहुतेक रडत असेल.

आईने शेजारच्या प्रेमाकाकूंच्या मोबाइलवरून फोन केला. माळा, शिडी, पंखा, सगळं नीट ऐकलं. पंख्याचं सांगितलं तेव्हा हसली, खूप हसली. आईला इतकं हसताना कधी ऐकलं होतं, आठवेना. मग एकदम म्हणाली, "ठेवते," आणि ठेवला.

शनिवार, २३ ऑगस्ट

गंधालीने माळ्यावर येऊ का विचारलं. आली. शिडीवर घसरली. मला आधी हसू आलं, मग हात दिला. अजून पूर्ण गोड वगैरे नाही आमच्यात. पण मावशींनी दोघींना एका ताटात वाढलं, तर काय करणार?

माझ्या ओढणीला सुकटीचा वास येतो. वर्गात शेजारची मुलगी सरकून बसली. छान! पाय पसरायला जागा झाली.

रविवार, ३१ ऑगस्ट

सकाळी खालून हाक — "वकील! तुजी आय आयली गो!"

आई दारात. एक बॅग, एक पिशवी, नवीन चप्पल. न कळवता. वसमतहून एकटी. आजवर एकटी परभणीलासुद्धा गेली नव्हती.

"पप्पांना माहीत आहे?"

"सांगून आले. ऐकलं का नाही, ते त्यांचं त्यांना."

मावशींनी चहा ठेवला. आई शिडी चढली, माझ्या गादीवर पडली आणि दुपारपर्यंत झोपली. मी खालीच बसून होते. उठल्यावर तिने वेणी घातली आणि विचारलं, "वकील व्हायला तुला अजून किती वर्षं?"

"तीन."

"लई झाले गं. तुमच्या कॉलेजात शिकवणारं कोणी फारकतीची केस घेतं का, बघ."