अंगठा एक, कामं दोन

३ फेब्रुवारी, मंगळवार
भूत बघून मी हसले आणि सूनबाईचा चेहरा पडला. तिच्या ऑफिसनं भुताचा खेळ केलाय — डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायचा. मी त्याला डबा म्हणते. आता तोच खेळ साध्या टीव्हीवर आणायचाय, हातात कंट्रोलर घेऊन. डब्यात मी किंचाळले होते. टीव्हीवर तेच भूत पत्ता विचारायला आल्यासारखं दिसतं!
तेरा तारखेला विकत घेणारे येणार. ते घाबरले नाहीत तर खेळ बंद — आणि सूनबाईची नोकरीही.

५ फेब्रुवारी
रोज खेळते. मुलगा दाराआडून बघतो नि पळतो. वाघ आहे माझा!

८ फेब्रुवारी, रविवार
आज कळलं! डब्यात भूत आलं की दार हातांनी रेटून धरायचं, मान वळवून मागं बघायचं. टीव्हीवर एकदा बटण दाबलं की दार बंद. मग भ्यायचं कशाला? सूनबाईला म्हटलं, बटण दाबूनच धरायला लाव.
तिनं केलं आणि कपाळावर हात मारला. दाराचं बटण उजव्या अंगठ्याला, मान वळवायची दांडीही त्याच अंगठ्याला. चूक झाली, बटण हलवते म्हणाली.
मी तोवर खेळत होते. पाठीमागं पावलं वाजली. बघावं तर दार सुटतं, धरावं तर बघता येत नाही. मी पाय वर ओढून घेतले.
"हात लावशील तर याद राख," मी म्हटलं. "हीच तर भीती आहे गं."
"आई, लोक शिव्या देतील."
"देऊ देत. आधी बोबडी तर वळू दे."

११ फेब्रुवारी
तिच्या साहेबांना पटेना. मग त्यांच्याच हातात कंट्रोलर दिला. आता म्हणतात, मलाही हेच सुचलं होतं. हो, हो!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
जिंकलो! सूनबाईनं मला मुद्दाम ऑफिसात नेलं. विकत घेणाऱ्या बाई तोऱ्यात बसल्या — असले छप्पन्न खेळ बघितलेत म्हणे. पाच मिनिटांत अंगठा पांढराफटक. खेळात पावलं वाजली आणि बाईंनी खरी मान वळवून मागं बघितलं!
मागं मी. पाण्याचा ग्लास घेऊन.
त्यांची किंकाळी जिन्यापर्यंत गेली. सही तिथंच झाली. सूनबाईनं मला उचलून गरगर फिरवलं — कंबर मोडेल म्हटलं, ऐकते कुठं!

१६ फेब्रुवारी
पुढचा खेळ त्या विकत घेणाऱ्या बाईंच्या शहरात जाऊन करायचाय, दोन वर्षं. सूनबाईनं सांगून टाकलं, "आई बरोबर असतील तरच." मला विचारलंसुद्धा नाही! बॅग भरून झाली. मुलाला अजून दोघींनीही सांगितलेलं नाही.