शिट्टीबाईंना शिकवायचा धडा

३ मार्च, सोमवार
अपमान. भर साइटवर. चौथ्या मजल्याच्या परांचीवर उभा राहून प्लास्टर बघत होतो. खालून शिट्टी. वाटलं, ट्रक मागे घेताहेत. तर नवीन सेफ्टी ऑफिसर बाई. म्हणे, मुकादम, पट्टा शोभेला बांधलाय का, हुक अडकवा नाहीतर खाली या. शेवटी उतरलो. माझे गवंडी भिंतीकडे तोंड करून हसत होते. सगळ्यात जास्त माझा मेहुणा.
उभी हयात परांचीवर गेली, कधी पडलो नाही. एकदा पडलो, पण वाळूवर. ते धरत नाही.
बाईंचं नाव ठेवलं शिट्टीबाई. महिन्याच्या आत साइटवरून घालवणार. डोकं शांत ठेवून.

४ मार्च, मंगळवार
डोकं शांत राहिलं नाही. बाईंशी भांडलो. हरलो असं नाही. मिक्सर चालू होता, माझे मुद्दे ऐकू गेले नाहीत.

६ मार्च, गुरुवार
प्लॅन बदलला. त्यांच्याच कामातल्या चुका काढायच्या. लिफ्टच्या खड्ड्याला साधा आडवा बांबू नाही! इंजिनिअर साहेबांना चारचौघांत दाखवलं. बाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. दुपारपर्यंत कठडा बसला. वर मला चहा पाजला. प्यालो. निषेध म्हणून बिस्कीट घेतलं नाही.

८ मार्च, शनिवार
जिन्याचा कठडा हलत होता. गच्चीची कड उघडी होती. दोन्ही चुका काढल्या, दोन्ही लगेच दुरुस्त. साइट दिवसेंदिवस सुरक्षित होत चाललीय. असं चाललं तर मी सूड उगवायचा कशावर?
घरी बायको म्हणते, बाई चांगल्या आहेत, भाऊ सांगत होता. माझ्याच घरात फितुरी.

११ मार्च, मंगळवार
सापडलं! मागच्या बाजूला, पाचव्या मजल्याच्या परांचीची फळी. एका टोकाचा दोर सुटलाय. पाय पडला की उलटणार. या खेपेला तोंड उघडायचं नाही. शुक्रवारी मालक येताहेत, त्यांच्यासमोरच दाखवायची. तोवर तिकडे कुणी फिरकत नाही. मागच्या भिंतीचं काम पुढच्या आठवड्यात. सगळा विचार केलाय.

१२ मार्च, बुधवार
फळी तशीच. लांबूनच बघितली. शिट्टीबाई खालून गेल्या, वर बघितलंही नाही. मनात गुदगुल्या.

१३ मार्च, गुरुवार, दुपार
साहेबांनी काम बदललं. मागची भिंत आधी. मला सकाळीच सांगितलं म्हणतात. मी उद्याचं भाषण मनात घोळवत होतो, फक्त हो म्हणालो.
मेहुणा वर गेला. फळी उलटली.
हुक अडकवलेला होता म्हणून तो हवेत लटकला. त्याची थापी माझ्या पायाशी येऊन पडली. बाई धावत वर गेल्या, दोन गवंड्यांना हाताशी घेऊन त्याला आत ओढलं. माझे पाय हलले नाहीत. खालीही कुणीतरी हवंच होतं.

१३ मार्च, संध्याकाळ
मेहुण्याच्या मांड्यांवर पट्ट्याचे काळेनिळे वळ. बायको त्याच्या उशाशी बसून रडतेय. मीही हादरलोय. पण नीट बघितलं तर बाजू माझीच भक्कम झालीय. आधी नुसती फळी होती, आता अपघात आहे. बाई गेल्या कामातून.

१४ मार्च, शुक्रवार
मालकांच्या केबिनमध्ये साहेब, बाई, मेहुणा आणि मी. फळी सुटली कशी, असं मालकांनी विचारलं. बाई म्हणाल्या, चूक माझी, सोमवारनंतर मागची बाजू तपासली नाही. हीच वेळ. मी उभा राहिलो.
"मंगळवारपासून ती फळी तशीच आहे, मालक. मी रोज बघतोय."
सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. वाटलं, बोलणं लागू पडलं.
मालक म्हणाले, "रोज बघताय?"
मी ठासून हो म्हणालो. मला आजच कळलं असं कुणाला वाटायला नको.
मेहुणा माझ्याकडे बघत होता.
"भाऊजी," तो म्हणाला, "मंगळवारी आपण एका डब्यात जेवलो."

१७ मार्च, सोमवार
मुकादमकी गेली. मालक घरीच बसवणार होते, बाईंनी शब्द टाकून ठेवून घेतलं. त्यांच्याच हाताखाली. यात काहीतरी डाव असणार. बायको बोलत नाही, ताट वाढून आत जाते.
काम सोपं आहे. वर चढलेल्या माणसाचा हुक बघायचा आणि "ठीक आहे" म्हणायचं, मग त्याने कामाला लागायचं.
आज पहिला मेहुणा. त्याने हुक अडकवला. मी दोनदा ओढून बघितला. म्हणालो, "ठीक आहे."
तो हलला नाही. बाई इमारतीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्या येऊन हुक बघेपर्यंत तो भिंतीला पाठ लावून तिथेच उभा राहिला.