सुजेची गोळी

४ डिसें.
नांदेडला रेखाची अक्कलदाढ काढली. आडवी होती, हाड कोरावं लागलं. बाहेर बसून माझाच जीव वरखाली. बरं झालं माहेरी आली, मुखेडात पडून तरी राहील. लातूरला सासरी कोण पडू देतंय.
औषधवाला म्हणाला, "काका, ही बारकी गोळी ष्टिरॉइड हाय. सुजेवरची. जेवल्यावरच द्या."
तो शब्द ऐकला आणि ती गोळी वेगळी खिशात ठेवली.

५ डिसें.
बाकीच्या गोळ्या दिल्या. बारकी तांदळाच्या डब्यात दडवली.
रेखाची आई डोळ्यांपुढून हलत नाही. गुडघ्यांसाठी कौसानं बाजारातल्या माणसाची पुडी दोन वर्षं खाल्ली. आधी लई गुण आला, खुरपायला जाऊ लागली. तोंड गोल गरगरीत झालं. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, तब्येत सुधारली. ती लाजायची. मग कातडी कागदासारखी, वर शुगर. पुडीत ष्टिरॉइड असतं हे रेखाला लातूरला कुणाकडून तरी कळलं. रागानं आली, सगळ्या पुड्या नालीत टाकल्या. मीही म्हटलं, बरं केलं. त्याच आठवड्यात उलट्या, चक्कर, आणि कौसा गेली. पुडीनंच मारलं, असं आम्ही धरून चाललो.
पोरीला ते कसं देऊ.

६ डिसें.
रेखाचा गाल कवठाएवढा. तोंडात चमचा जाईना. पेज अर्धी गळ्यावर सांडली. बारक्या गोळीचं खुणेनं विचारलं. दिली की, म्हणालो. खोटं.
ताप तर नाही ना. सारखा हात लावून बघतो. ती हात बाजूला करते.

७ डिसें.
एसटीनं परत नांदेड. रेखाला तपासून बाहेर बाकड्यावर बसवलं. मग मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सूज आलीच असती, पण गोळीनं कमी आली असती. दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांना इतकं भ्यायचं नसतं. आजपासून द्या.
मी कौसाचं काढलं. पुड्या फेकल्या तेही बोलून गेलो, कुणी ते नाही सांगितलं.
त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "आजोबा, वर्षानुवर्षं घेतलेलं एकदम बंद करत नसतात. अंग स्वतःचं ते तयार करायचं विसरलेलं असतं. हळूहळू उतरवावं लागतं, नाहीतर माणूस दगावू शकतो."
मागं बघितलं. दार अर्धं उघडंच.
परतीला रेखा खिडकीकडं तोंड करून बसली. ऐकलं असेल का? दुखतंय म्हणूनही गप्प असेल.

८ डिसें.
गोळी मीच दिली. गिळेपर्यंत तांब्या धरून समोर उभा. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

१० डिसें.
सूज उतरली. तोंड दोन बोटं उघडतं. पातळ सांजा केला, कौसा करायची तसा. दोन घास खाल्ले आणि वाटी खाली ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बोलली.
"बापू, म्या पुड्या फेकल्या नसत्या, तर माय राहिली असती का?"
"थंड होऊन राहिलं," म्हणालो. "खा आधी."
खाईना. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. वाटी उचलून गरम करायला आत आलो.
सांजा कधीचाच गरम झालाय. गॅस बंद केला. हे तिथंच उभ्यानं लिहितोय. बाहेरून तिनं एकदा हाक मारली, बापू.