बोट हिवाळ्याले ठेवली

२४ ऑक्टो., गुरुवार

भाऊबीज आटपून वडनेरहून, कमलच्या भावाकडून परत आलो. कमल सोबत. धरण यंदा पहिल्यांदाच तोंडोतोंड भरलं. कमलच्या माहेरचं जुनं गाव पाण्याखाली गेलं, वर राह्यली फक्त महादेवाची टेकडी. चहूकडून पाणी.

कमल खिडकीतून पाहत होती. म्हणे, "त्रिपुरीले साडेसातशे वाती लावाचा नवस हाय मावा. जाचं कसं आता?"

म्हटलं, "बोट हाय ना वं आपली. बोटीवरचा मिस्त्री तुया घरात, अन् तुले चिंता?"

हसली. बोट सरकारी, पण म्हणून टाकलं. खाली पंखा नाही तिले. पोटातल्या पंपानं पाणी ओढते अन् मागं जोरात फेकते. बुडलेल्या बाभळीवरून नेली तरी अडकत नाही. अशी बोट जिल्ह्यात दुसरी नसंल.

२६ ऑक्टो., शनिवार

साहेबानं बोलावलं. बोटीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक पुढं टाकलं. "तुम्ही मॅट्रिक ना? वाचा."

वाचलं. हिवाळ्याआधी बोट बाहेर काढा, सगळं पाणी काढा, नाहीतर बर्फ होऊन इंजिन फुटते. असं पाच पानं. मोठ्यानं वाचलं, ऐटीत. कारकून तोंड वासून ऐकत होता.

साहेब म्हणाले, "मग काढा. एक तारखेच्या आत."

बर्फ! इथं बर्फ पाह्याचा तर उन्हाळ्यात गोळेवाल्यापाशी. हे थंड मुलखाचं पुस्तक आहे, हे मले तिथंच कळलं होतं. बोललो नाही. बोललो असतो तर साहेब म्हणाले असते, बाकीच्या पानांचा अर्थ सांगा. अर्ध्या शब्दांचा पत्ता नव्हता. इज्जत वाचवली.

२८ ऑक्टो., सोमवार

दोन बैलजोड्या लावून बोट ओंडक्यावरून ओढली. चौकीदार सखाराम डोक्याले हात लावून पाहत राह्यला. "मिस्त्री, पानी आता आलं अन् बोट आता काढता? मंग चालवसान कधी? उन्हाळ्यात, गाऱ्या-चिखलात?"

"पुस्तकात लिवलं हाय."

"पुस्तकाले काय मालूम आपलं धरन!"

चिडलो त्याच्यावर. काऊन चिडलो? खरं बोलला म्हणून.

३० ऑक्टो., बुधवार

दिवसभर काम. इंजिनातलं पाणी काढलं, सिलिंडरमधी तेल सोडलं, बेअरिंगले ग्रीस. बॅटरी जीपनं बुलढाण्याले. बुडाचं बूच काढलं, म्हणजे साचलेलं पाणी गळून जाईल. पुस्तक म्हणते, बूच चावीले बांधा. बूच लावल्याबिगर कोणी बोट पाण्यात नेऊ नये म्हणून. बांधलं. असं काम मी नीट करतो.

पंपाच्या जाळीत बाभळीची साल निघाली, काट्यासकट. म्हणजे खोडं पाण्याखाली हातभरच आहेत. वरून काही दिसत नाही. पाणी कसं सपाट.

१ नोव्हें., शुक्रवार

साहेब रजेवर नागपूरले. शेडले कुलूप. चावी, बूच, सगळं त्यांच्या बॅगेत.

घरी कमलनं विचारलं, "महादू कढई काढून राह्यला. खरं काय, बोट नाही?"

महादू तिचा भाऊ. कढई म्हणजे त्यांच्या गुऱ्हाळाची, गूळ आटवाची. पुरात लोक तिच्यातच बसून नाल्यापार जातात. पण हा नाला नाही.

म्हटलं, "साहेबाचा हुकूम हाय. तू जाऊ नको. दिवे इथंच लाव काठावर."

"हुकूम पुस्तकाचा. अन् पुस्तक वाचलं कोनं?"

सखारामानं सांगितलं असंल. जेवलो नाही. तिनंही म्हटलं नाही, जेवा.

३ नोव्हें., रविवार

कढई पाह्यली. बुडाले भोक होतं, डांबर लावून बुजवलं. चार माणसं बसवून काठाकाठानं फिरवली. तरंगते, पण गिरगिर फिरते.

महादूले बाजूले घेतलं. "खोडं हायेत बे खाली. मी साल पाह्यली."

"आमच्याच बाभळी त्या, भाऊजी. कोनती कुठं उभी हाय, मले मालूम."

बाभळी मालूम, पाणी मालूम नाही. पण मी कोणत्या तोंडानं अडवू? नऊ जणं जाणार, कमल धरून.

५ नोव्हें., मंगळवार, त्रिपुरी

सकाळी वारा नाही. कमलनं वाती मोजून तुपात भिजवल्या. निघताना म्हणे, "येतो." एवढंच. तीन वाजता कढई सुटली. महादू बांबू टोचत होता, ती पाठमोरी. वळून पाह्यलं नाही.

चारले वारा सुटला, पश्चिमेचा.

शेडचा कोयंडा तोडला. सकाळीच काऊन नाही तोडला? नोकरी. दुसरं काही नाही, नोकरी! थू माझ्या जिंदगानीवर. सखाराम म्हणे, "म्या काही पाह्यलं नाही," अन् स्वतःच लोखंडी सब्बल आणून दिली.

बॅटरी सरपंचाच्या ट्रॅक्टरची. चावी नाही तर तारा जोडल्या. इंजिन खोकललं, तेलाचा धूर, मग लागलं. हात जोडले. अन् तेव्हा आठवलं, बूच. बुडाले अंगठ्याएवढं भोक, अन् बूच नागपुरात.

बाभळीची खुंटी तासली, फडकं गुंडाळलं, ठोकली, वरून डांबर. सखाराम म्हणते, डांबर आवळेस्तोवर थांबा, नाहीतर तुमीच जासान खाली. थांबलो आहे. तोवर लिहून राह्यलो.

दिवस बुडाला. टेकडीवर वाती पेटल्या, इथून दिसतात. म्हणजे पोचली. महादेवा, पोचली.

टेकडीच्या अलीकडं पाण्यावर एक उजेड दिसते. सखाराम म्हणे, द्रोणातला दिवा सोडला असंल. एवढ्या वाऱ्यात द्रोणातला दिवा टिकत नाही. कंदील आहे तो, कढईतला. म्हणजे परत निघाले.

सखारामले म्हटलं, पाह्य, पुढं येऊन राह्यला का?

बराच वेळ पाह्यलं त्यानं. म्हणे, "नाही, मिस्त्री. एकाच जागी हाय."

बाभळी तिथंच आहेत.

डांबराले अंगठा लावून पाह्यलं, अजून चिकटते. बैल जुंपले. बोट पाण्यात ढकलतो.