सहा किलो कमी दाखवणारा काटा

३ मार्च

सौ. छोटीस अ. उ. आ.

शाळेत दर सहामाहीला सिस्टर आपलं वजन करायच्या, आठवतं? वजन कमी भरलं की चमचाभर माशाचं तेल. तू काडीसारखी, म्हणून मी तुझ्या मोज्यात दोन खडे घालायची. तू लंगडत काट्यापर्यंत जायचीस आणि सिस्टर तुझ्या पायासाठी प्रार्थना करायच्या.

आजही काम वजनाचंच आहे. आपला दांडगा रविवारी तुझ्याकडे येतोय. दगडी रस्त्यांवरच्या एका दिवसाच्या सायकल शर्यती माझ्या लेकाने डझनभर जिंकल्या, त्या ब्याऐंशी किलोंच्या जोरावर. आता त्याला तीन आठवड्यांची डोंगरातली शर्यत जिंकायची आहे. तिथे सगळे पिसासारखे असतात म्हणे. संघाच्या डॉक्टरांनी बजावलंय, मेपर्यंत शहात्तर किलो, नाहीतर दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या. वय बत्तीस, म्हणजे संधी ही एकच. सध्या तो उकडलेला भोपळा खातो आणि भिंतीकडे बघत बसतो. माझं शिलाईचं मशीन एका हाताने उचलणारा माणूस, परवा सुईत दोरा ओवून दमला.

तुझ्याकडे चढाचे रस्ते आहेत आणि वजनकाटाही. दर सोमवारी डॉक्टरांना वजन तूच कळवायचंस. त्याला सांभाळ, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

२० एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस. पहिल्याच आठवड्यात दांडगा सायकल खांद्यावर घेऊन जिन्यातच झोपला. त्याला उठवता उठवता मला तुझे खडे आठवले. मी काट्याखालची चकती फिरवली. आता तो सहा किलो कमी दाखवतो. दांडग्याला म्हटलं, वजन उतरतंय, आता जेव पोटभर. तो दोन ताटं जेवतो, शहात्तर बघतो आणि शिट्टी वाजवत चढ चढतो. डॉक्टर काल स्वतः येऊन गेले. त्यांनी त्याचं वजन केलं, मग हळूच स्वतःचंही केलं आणि फार खूश झाले.

एकच घोटाळा. यांनीही वजन केलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, काटा म्हटला की डोळे झाकून विश्वास. सहा किलो एकदम गेले म्हणजे आपलं काही खरं नाही, असं ठरवून मृत्युपत्र लिहायला बसलेत. खरं सांगावं तर यांच्या पोटात तीळ भिजत नाही, संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना कळेल. शर्यत होईपर्यंत यांना मरणाच्या दारात ठेवणं भाग आहे. जेवण मात्र उत्तम चाललंय.

आहे तशी गोड मानून घे.

तुझी छोटी

२ मे

सौ. छोटीस अ. उ. आ.

हसताना सुई बोटात गेली. आता माझंही ऐक. त्याच्या शर्यतीच्या चड्ड्या मीच शिवून पाठवते ना? दर पंधरवड्याला शिवण अर्धं बोट सैल करतेय, म्हणजे त्याला वाटावं, बारीक झालो. डोंगरात त्याची फजिती झाली तर पाप दोघींचं. मला झोप नाही.

मेहुण्यांना जप. तुझ्या पत्राची वाट बघणारी,

ताई

२९ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

चौथा आला. ब्याऐंशी किलोंनिशी! तू रेडिओवर ऐकलंच असशील, पण शेवटच्या डोंगरावर मी वळणाशी उभी होते. तीन पिसं आणि मागे आपलं कपाट. शेवटच्या वळणापर्यंत त्याने त्यांना सोडलं नाही.

रात्री मी रडत रडत सगळं कबूल केलं. तो म्हणाला, मावशी, मला पहिल्या सोमवारपासून माहीत होतं. सायकलवाला माणूस काटा दिसला की आधी सायकल ठेवतो. माझी सायकल सात किलोंची, तुझ्या काट्यावर एकच भरली. मग गप्प का बसलास, विचारलं, तर म्हणे, भोपळा संपला होता. आणि आईच्या चड्ड्या चढावर फडफडतात, तिला घट्ट करायला सांग.

यांना खरं सांगितलं. जगणार म्हणून आनंद झाला, पण मृत्युपत्र फाडायला तयार नाहीत, अक्षर फार छान आलंय म्हणे. फक्त दुरुस्ती केली. त्याप्रमाणे रेडिओ तुला. भिंतीवरची तीन चालू घड्याळं दांडग्याला, चौथ्याची किल्ली हरवली आहे. वजनकाटा डॉक्टरांना, त्यांनी दोनदा मागितला. चकतीला कुणी हात लावू नये. छत्री माझ्याकडेच राहील.

आणि ते दोन खडे माझ्या बटणांच्या डब्यात अजून आहेत. ते यांच्या यादीत नाहीत. ते तुला.

तुझी छोटी