प्रदर्शनातला जांभळा गाऊन

आई,

तुझा जांभळा गाऊन मी पाठीत उसवला. आज तो घालून तुझी नात शाळेच्या नाचाला गेली आहे आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून तुला हे लिहिते आहे. कुणाला विचारून उसवलास, असं तू म्हणाली असतीस. कुणालाच नाही. तू असतीस तर तुला विचारावं लागलं असतं आणि तू नाहीच म्हणाली असतीस, तेव्हा ती एक कटकट वाचली. इथे जूनमध्ये जेवणं उरकली तरी ऊन जात नाही. समोरचा शेजारी कुंपणाला रंग देतो आहे. नवरा कामासाठी पुण्याला गेलाय, घरात मी एकटीच आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, त्यामुळे अक्षर कसंही आलं तरी चालेल.

ही नात तू पाहिली नाहीस. ती जन्मली तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती. इथेच, या झूटरमेर गावात वाढली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं आणि रागावली की डचमध्ये. इथे शाळेची शेवटची परीक्षा झाली की मुलामुलींचा गाला, म्हणजे निरोपाचा नाच, असतो. मुली पायघोळ गाऊन घालतात, मुलगे सूट घालून अवघडून उभे राहतात, आणि दारात लाल गालिचा अंथरून एकेकाला त्यावरून आत नेतात. कोण कशात बसून येतं याची चढाओढ असते. कुणी ट्रॅक्टरवर येतं, कुणी जुन्या आगीच्या बंबावर. आईबाप कठड्यापलीकडून फोटो काढतात आणि घरी जातात. तू वर्गात शिकवायचीस त्या धड्यात मुलीबरोबर आलेली वडीलधारी बाई भिंतीकडच्या खुर्चीवर शेवटपर्यंत बसून राहायची, तसलं इथे काही नाही. पण नियम आहेत. मुलींचा फोनवर एक ग्रुप असतो, त्यात आपापल्या गाऊनचा फोटो आधी टाकायचा. एकदा टाकला की तो तुमचा, दुसरीनं तोच घ्यायचा नाही. घेतलाच कुणी, तर शाळा संपते पण त्याची चर्चा संपत नाही. तुला हे कळलं असतं तर तू लगेच फळ्यावर लिहून काढलं असतंस.

महिला तंत्रनिकेतनात तू पोशाखाचा इतिहास शिकवायचीस आणि त्यात पाश्चात्त्य नृत्यसमारंभाचे, म्हणजे बॉलचे, पोशाख हा एक आख्खा धडा होता. शनिवारी माझी शाळा सकाळची असायची, मग दुपारी मी तुझ्या वर्गात शेवटच्या बाकावर डबा खात बसायची. अजून तो वर्ग दिसतो. तू पदर खडूपासून सांभाळत फळ्याकडे वळतेस. गाऊन म्हटल्यावर मुली खुसखुसतात, कारण त्यांच्या आया गाऊन घालून सकाळी दूधवाल्यापुढे पातेलं धरतात. तू त्यांना हसून घेऊ देतेस. मग सांगतेस की आधी छातीखालून सरळ खाली पडणारा पांढरा मलमलीचा झगा आला, आणि ती मलमल जायची आपल्या बंगालातून. मग कंबर आवळली आणि खालचा घेर पोलादी कड्यांवर फुगवला, एवढा की दारातून एका वेळी एकच बाई जाऊ शके. मग सगळा फुगवटा पाठीमागे गेला. मग तोही ओसरला आणि मागे लोळणारा घोळ राहिला, तो नाचताना मनगटातल्या फासात अडकवायचा. हातमोजे कोपराच्या वर, नाचताना काढायचे नाहीत, जेवताना काढायचे. लग्न न झालेल्या मुलीनं फिके रंग घालायचे. एकाच पुरुषाबरोबर फार वेळा नाचायचं नाही, लोक लग्न ठरलं असं धरून चालतात. आणि एकाला नाही म्हटलं तर त्या नाचाला दुसऱ्या कुणाबरोबर उभं राहायचं नाही, गप्प बसून राहायचं. हे काय मॅडम, असं एक मुलगी दरवर्षी म्हणायचीच. तू म्हणायचीस, नियम मी केलेले नाहीत, परीक्षेत विचारतात. बॉल तू जन्मात पाहिला नव्हतास. पुण्याबाहेर जायचीस ती नाशिकला, माझ्या मामाकडे.

वार्षिक प्रदर्शनासाठी तू तो गाऊन शिवलास तेव्हा मी सातवीत असेन. रविवार पेठेतून अस्तराचं सॅटिन आणलंस, आणि पोलादी कडी कुठे मिळणार म्हणून बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या वळवून घेतल्यास. त्या कामट्या रिक्षात मावेनात, तेव्हा तू एक हात बाहेर काढून त्या टपावर धरून आणल्यास आणि दुसऱ्या दिवशी खांदा धरून बसलीस. गाऊन तयार झाला तेव्हा मला तो स्नेहसंमेलनात घालायचा होता. मी नुसता हात लावला तर तू माझा हात धरून बाजूला केलास. "हा घालायचा नाही, दाखवायचाय," एवढंच म्हणालीस. तू मारायची नाहीस, ओरडायचीही नाहीस, पण त्या दिवशीचा तुझा आवाज ऐकून मी पुन्हा विषय काढला नाही.

प्राचार्यबाईंनी विचारलं होतं, जांभळा का? एवढ्या खटाटोपात पांढरा नाहीतर गुलाबी उठून दिसला असता. तू म्हणालीस, दुखवट्याचे पोशाखही अभ्यासक्रमात आहेत, एका गाऊनमध्ये दोन प्रश्न होतात. मग वर्गात तू समजावलंस की नवरा गेलेली बाई आधी काळं घालते, मग करडं, मग फिकट जांभळं. जांभळं घातलं की लोकांना कळतं, आता हिला समारंभाला बोलवायला हरकत नाही. नाचायचं की नाही ते तिनं ठरवावं. बाबा जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. संक्रांतीला आपल्या इमारतीतल्या हळदीकुंकवाला मी एकटीच जायची, आणि निघताना तुझं वाण कुणीतरी माझ्या हातात द्यायचं, आईला दे गं म्हणून. तू ते वाण फडताळात ठेवायचीस आणि कणीक मळायला घ्यायचीस. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात असं मला तेव्हा सुचलं नाही.

तू गेलीस तेव्हा मी डेल्फ्टला शिकत होते. मामाचा फोन आला, मी ऐकला, आणि ओट्यावरची भांडी घासून मग बॅग भरली. पुण्यात सगळं केलं. लोक गळ्यात पडून रडले, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला काही वाटलं नाही. हिला धक्का बसलाय, नंतर बाहेर येईल, असं मावश्या आपसात बोलत होत्या. ते नंतर काही आलं नाही, आई. मी तुला दोष देत नाही, स्वतःलाही देत नाही, नुसतं सांगते आहे. त्याच आठवड्यात तंत्रनिकेतनातून निरोप आला की जुनं सामान काढतायत, मॅडमचा गाऊन हवा असेल तर घेऊन जा. तिथल्या शिपाईमामांनी, गाऊन चढवलेल्या शिवणाच्या पुतळ्याच्या खालून हात घालून कापूस आणि चिंध्या उपसायला सुरुवात केली. तुझ्या जुन्या साड्यांचे तुकडे होते ते, मी ओळखले. भर निघून गेल्यावर आतला पुतळा अगदी किडकिडीत निघाला आणि गाऊन त्याच्यावरून सरकन वर निघून आला. मी घडी घालून बॅगेत टाकला. का आणला ते विचारू नकोस. नाही म्हणण्यापेक्षा आणणं सोपं होतं.

तेव्हापासून तो इथे माळ्यावर होता, घरं बदलली तसा सुटकेसमधून फिरत. या एप्रिलमध्ये दुकानातले आणि ऑनलाइन सगळे गाऊन नाकारून झाल्यावर तुझी नात तंबू शोधायला म्हणून माळ्यावर गेली आणि हा घेऊन खाली आली. मला विचारायच्या आधी तिनं फोटो ग्रुपवर टाकलाही होता. म्हणजे तिच्या जगाच्या नियमानं तो आता तिचा. घालायला गेली तर डोकं आत जाईना. पाठीवर कापडानं मढवलेली बटणं ओळीनं लावलेली, पण काजं नव्हती. बटणं नुसती वरून टाचलेली, आणि खालची शिवण वरपासून खालपर्यंत बंद. तू तो पुतळ्यावरच शिवून मिटवून टाकला होतास. तुलाच काय, कुणालाच तो घालता आला नसता. कोणी असं का करेल, असं तिनं विचारलं. प्रदर्शनासाठी होता, मी म्हटलं.

परीक्षा संपेपर्यंत मी थांबले. मग पाठीची शिवण उसवली आणि चेन लावली. तुझे टाके बारीक होते, डोळे दुखले, एवढंच. कंबर आणि छाती तिला जवळपास बरोबर बसली, कारण ती तुझ्याच बांध्याची आहे. पण डावीकडे काहीतरी चुकत होतं. कंबरेची शिवण त्या बाजूला वर चढत होती आणि घेर तिरका उचलला जात होता. मी टेप घेऊन मोजलं. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरवून बेतलेला होता. पुतळ्याचे खांदे सारखे असतात, आई. मला तुझे ब्लाउज आठवले. ते तू स्वतः शिवायचीस, आणि त्यातला एक मी नाटकात घातला तेव्हा असाच डावीकडे काचला होता. तेव्हा मग मी गाऊन टेबलावर ठेवला. तू पुतळा स्वतःच्या मापानं भरला होतास. स्वतःच्या मापाचा, जांभळा, बॉलला घालायचा गाऊन शिवलास, आणि मग पाठ मिटवून वरून बटणं लावलीस, म्हणजे कुणी विचारायलाच नको.

तिला नीट बसायला हवा असेल तर तो खांदा उसवून सरळ करायचा होता. तसा केला असता तर तो तिचा गाऊन झाला असता. पण तुझ्या अंगाचं म्हणावं असं जगात तेवढंच उरलंय. फोटोत तू नेहमी समोरून आहेस, ताठ, खांदे सारखे करून. शेवटी मी तिला म्हटलं, आता खांद्याला हात लावायला वेळ नाही, एवढं चालवून घे. मला वाटलं चिडेल. ती आरशासमोर उभी राहिली, इकडे वळली, तिकडे वळली, आणि डावा खांदा जरासा खाली सोडला. कंबर जागेवर आली, घेर सरळ झाला. "इट्स फाइन, मम्मा. आय विल जस्ट होल्ड इट लाइक धिस," म्हणाली.

आज संध्याकाळी तिला आणि तिच्या मैत्रिणीला मीच घेऊन गेले. बाकफीट्सवर, म्हणजे पुढे लाकडी खोका असलेली सायकल, इथे आया त्यात पोरं घालून शाळेत सोडतात. मैत्रिणीच्या घरची होती. दोघी खोक्यात, मी मागे, इथल्या आभाळाचा भरवसा नाही म्हणून रेनकोट घालून, पेडल मारते आहे. घेर फुगवायला जुना कड्यांचा पेटिकोट मिळाला होता, आणि बसताना मागची कडी आधी उचलायची, नाहीतर पुढची नाकापर्यंत येते, हे तू शिकवलेलं मी त्यांना ओरडून सांगितलं. ऐकेपर्यंत मैत्रिणीचं तोंड तिच्याच गाऊनमध्ये गेलं होतं. पुलावरच्या चढाला माझा दम गेला तेव्हा दोघी खोक्यातून मला जोर लाव म्हणत होत्या. शाळेपाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण हसले असेन, फोटोत दिसेल.

मग त्या उतरल्या. मैत्रीण पुढे गेली. तुझ्या नातीनं घेर झटकला, डावा खांदा खाली सोडला आणि गालिच्यावरून चालायला लागली. पाठमोरी. मला वाटलं नव्हतं की मी ते ओळखेन. बाजूला ट्रॅक्टर धडधडत होता, कुणी नावानं हाका मारत होतं, आणि तू तुझ्या जांभळ्या गाऊनमध्ये, घाई न करता, दारापर्यंत चालत गेलीस. दारातल्या शिक्षकांनी किंचित वाकून हात पुढे केला. तू तो धरलास आणि आत गेलीस. मी सायकल धरून तशीच उभी राहिले, मागचे लोक बाजूला व्हा म्हणेपर्यंत. मला तू हवी होतीस, असं वाटलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा वाटलं, आणि ते फार वेळ टिकलंही नाही. आता लिहिताना पुन्हा नेहमीसारखंच आहे.

एक राहिलं. त्या खांद्याच्या शिवणीत तू भरपूर माया सोडली होतीस, आत दुमडलेलं चांगलं दोन बोटं कापड. उसवून सरळ करायला अर्धा तास पुरला असता, आणि माझ्याकडे सगळा आठवडा होता.